बारावीच्या वर्षात शोकांतिका कशाला?

ठाणे-नवी मुंबई या आपल्या भागातल्या नाट्यगृहांची नावं एकदा सलग म्हणून बघा. तलावपाळीला राम गणेश गडकरी रंगायतन, हिरानंदानी मेडोजजवळ डॉ. काशीनाथ घाणेकर, खाडी ओलांडून वाशीला गेलात की विष्णुदास भावे. भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटकाला सुरुवात करून दिली, त्यांचं नाव समजण्यासारखं आहे. पण उरलेले दोघे? गडकऱ्यांचं सगळ्यात गाजलेलं नाटक, 'एकच प्याला', आई, बाप आणि तान्हं मूल अशा तिघांच्या मृत्यूवर संपतं. घाणेकरांना महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं ते 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधल्या संभाजीमुळे, बापाशी जमत नाही आणि बापावाचून करमत नाही अशा मुलामुळे. म्हणजे करदात्यांच्या पैशातून आपण शोकांतिकेला चांगली वातानुकूलित छपरं बांधून दिली आहेत. ती शोकांतिका आपल्या मुलांच्या हातात मात्र कुठे पडत नाही.

रंगायतनापासून पाच-दहा मिनिटं चालून गोखले रोडला या. क्लासचे बोर्ड, त्यावर टॉपर्सचे पासपोर्ट फोटो, खाली पर्सेंटाइल. नीट, जेईई, सीईटी. यात माझी काही तक्रार नाही, डॉक्टर आणि इंजिनीअर लागतातच. पण अकरावी-बारावी सायन्सच्या मुलाचं भाषेशी नातं आज काय उरलंय ते बघा. दुसऱ्या भाषेऐवजी 'आयटी' घेता येतं, कारण ते स्कोअरिंग. जी भाषा उरते तिचे गुण प्रवेशाला लागत नाहीत, म्हणून तिचं पुस्तक जानेवारीत उघडतं. कॉलेज आणि क्लास एकत्रच चालणाऱ्या इंटिग्रेटेडवाल्यांचं कधी कधी तेव्हाही नाही. त्या पुस्तकात नाटक असलंच तर उताऱ्यापुरतं, आणि उताऱ्याखाली 'कोण कोणास म्हणाले'.

माझं म्हणणं सरळ आहे. अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलानं, शाखा कुठलीही असो, दोन वर्षांत निदान एक अभिजात शोकांतिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी. शक्यतो मोठ्यानं, चारचौघांत. परीक्षेत तिच्यावर प्रश्न नसला तरी चालेल. खरं तर नसलेलाच बरा.

कारण सांगतो. अपयश कशामुळे येतं याची आपल्या घरांत दोनच उत्तरं असतात. एक, 'मेहनत कमी पडली'. दोन, 'नशिबात नव्हतं'. पहिलं उत्तर मुलाला गुन्हेगार ठरवतं आणि दुसरं त्याला वगळूनच टाकतं. सतरा वर्षांची मुलं या दोन उत्तरांवर वाढतात आणि पुढे आयुष्यात जे काही फिसकटतं ते याच दोन खणांत कोंबायला बघतात. नोकरी गेली, लग्न मोडलं, भागीदारानं फसवलं, वडिलांशी बोलणं बंद झालं. यातलं फार थोडं या खणांत मावतं. हुशार, सरळ, कष्टाळू माणूस स्वतःच्याच हातानं, आणि बहुतेकदा स्वतःच्या एखाद्या गुणामुळेच, कसा कोसळतो याची उत्तरं ज्यांनी शोधली ते शोकांतिका लिहिणारे लोक. अडीच हजार वर्षांचं ते काम आहे.

घरचंच उदाहरण घ्या. 'एकच प्याला' हे दारूबंदीचं प्रचारनाटक आहे असा समज ते न वाचलेल्यांत फार पक्का आहे. ते उघडून बघा. सुधाकर व्यसनी म्हणून आपल्यासमोर येतच नाही. गरिबीतून केवळ बुद्धीच्या जोरावर वर आलेला, वकिलीत नाव काढलेला तरुण आहे तो. घरी सिंधूसारखी बायको, रामलालसारखा मित्र. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सुधाकर माघार घेत नाही, आणि काही काळापुरती त्याची सनद जाते. काही काळापुरतीच! आजच्या भाषेत सांगायचं तर एक ड्रॉप. शांत डोक्याचा माणूस सासऱ्याकडे जाऊन राहिला असता, पुस्तकं वाचली असती, परत आला असता. सुधाकरला ते जमत नाही, कारण ज्या स्वाभिमानानं त्याला वर आणलं तोच आता त्याला खाली मान घालू देत नाही. अपमान विसरायला तो तळीरामाच्या हातून एक प्याला घेतो. तळीराम त्याचाच कारकून, हे गडकऱ्यांचं पक्कं गणित. ज्याच्यासमोर लाज वाटत नाही त्याच्यासमोरच माणूस पहिल्यांदा घसरतो.

पुढे एकदा सुधाकर दारू सोडायचं मनावर घेतो. बाहेर पडतो, कामासाठी लोकांचे उंबरे झिजवतो आणि झिडकारला जातो. इथे 'मेहनत कमी पडली' म्हणायची सोय नाटक ठेवत नाही, आणि 'नशीब' म्हणावं तर प्रत्येक पायरी तो स्वतः उतरलाय. दारू माणसाला पायरीपायरीनं कशी नेते हे तर तो स्वतःच इतकं स्वच्छ समजावून सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आता हा सुटला. सगळं कळतं आणि तरीही सुटत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला हे कुणी सांगितलंय? त्याला सांगितलंय की कळलं की झालं, कन्सेप्ट क्लिअर हवा. गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले, वयाची 34 वर्षंही पुरी न करता. हे नाटक त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं आणि बालगंधर्वांची सिंधू घरोघरी पोचली. लेखकानं आपला प्रयोग पाहिलाच नाही.

आता सगळ्यात जोरदार आक्षेप. तो मुलींकडून येतो आणि रास्त आहे. मारणाऱ्या नवऱ्याचं घर न सोडणारी, माहेरची मदत नाकारून दळणं दळणारी, नवऱ्याच्या काठीनं मूल गेल्यावरही मरता मरता त्याला वाचवायला फौजदारापुढे खोटी जबानी देणारी सिंधू आजच्या पोरींच्या पुढ्यात आदर्श म्हणून ठेवायची? मुळीच नाही. पण आदर्श म्हणून ठेवा असं कोण म्हणतंय? ही पाठ्यपुस्तकी सवय आहे, की वाचायला दिलेलं प्रत्येक पात्र अनुकरणासाठीच असतं. सिंधूचा राग यायलाच हवा. राग आला की पुढचं पान उलटून बघा, त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. तिची जीभ तिखट, नवऱ्याचे वाभाडे काढायला ती कचरत नाही. शरद नावाची बालविधवा आहे, आणि तिच्याबद्दल स्वतःच्या मनात काय चाललंय हे कळल्यावर हादरणारा सुधारक रामलाल आहे. एकाच नाटकात लेखकानं पातिव्रत्याची पूजा बांधलीय आणि त्या पूजेची किंमतही पैन् पै मांडलीय. गडकऱ्यांना स्वतःला यातलं किती उमगलं होतं यावर मला शंका आहे. त्यांचा जीव सिंधूत गुंतला होता हे उघड दिसतं. पण नाटक लेखकापेक्षा शहाणं असू शकतं. पोलिसांपुढची ती खोटी जबानी घरगुती हिंसाचाराची प्रकरणं हाताळणाऱ्या कुठल्याही वकील बाईंना विचारा. त्या म्हणतील, यात जुनं काय आहे?

न वाचता नाटकावर मत बनवण्याची किंमत आपण मोजलेली आहे. 2017 च्या जानेवारीत पुण्यात संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला गेला. कारण 'राजसंन्यास'. ते गडकऱ्यांच्या हातून पुरंही झालं नव्हतं. त्यातल्या संभाजीच्या चित्रणावर कडाडून टीका करता येते आणि करावीही. पण त्या आठवड्यात बाजूनं आणि विरुद्ध तावातावानं बोलणाऱ्यांपैकी कितींनी ते पुस्तक हातात धरलं होतं, हा प्रश्न मला अजून छळतो.

शेक्सपिअरचा 'लियर' घ्या. विंदा करंदीकरांनी तो 'राजा लियर' म्हणून मराठीत आणलाय. मराठी माणसाला तो वेगळ्या वाटेनं आधीच ओळखीचा आहे, कारण शिरवाडकरांचा 'नटसम्राट' (1970) त्याच वंशातला: म्हातारपणी सगळं मुलांच्या नावावर करून मोकळा झालेला बाप. घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून नेरूळ-वाशीच्या सिडकोच्या जुन्या इमारतींपर्यंत, रिडेव्हलपमेंटच्या निमित्तानं ही गोष्ट आज किती घरांत शिजते आहे ते वेगळं सांगायला नको. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते, आणि न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. लियरला हे कलम असतं तर पाच अंकी नाटक दुसऱ्या अंकातच आटोपलं असतं, असं आमचे एक वकील मित्र म्हणतात. म्हणू देत. कलमानं फ्लॅट परत येतो.

पण मुलांसाठी लियर वाचायचा तो पहिल्या प्रवेशासाठी. राजा तीन मुलींना समोर उभं करतो आणि विचारतो, माझ्यावर तुमचं प्रेम किती ते सांगा, त्या मानानं राज्य वाटतो. ही तोंडी परीक्षा आहे हो! दोन मोठ्या मुली मॉडेल आन्सर पाठ करून आलेल्या. धाकटी कॉर्डेलिया, जिला खरं तर सगळं येतं, कोरा पेपर देते. काही नाही, म्हणते. आणि परीक्षक चिडून तिला वर्गाबाहेर काढतो. आयुष्यभर मोजले गेलेले आमचे विद्यार्थी हा प्रवेश वाचताना एकदम सावध होतात, कारण मोजता न येणारी गोष्ट मोजायला घेतली की काय होतं हे त्यांना अनुभवानं माहीत आहे, फक्त कुणी त्याबद्दल बोललेलं नसतं. लियर दुष्ट नाही, मूर्खही नाही. कौतुक मागण्याची त्याला सवय लागली आहे, इतकंच. पुढे वादळात, डोक्यावर छप्पर नसताना, त्याला आपल्या राज्यातले उघडेवाघडे लोक पहिल्यांदा दिसतात आणि तो म्हणतो की याकडे आपण फार कमी लक्ष दिलं. इतकी वर्षं राज्य करून जे दिसलं नाही ते एका रात्रीत दिसतं, आणि उपयोग काय, तर आता हातात राज्य नाही.

वाचनानं हे होतं, पाहण्यानं होत नाही का? होतं. पण थोडं वेगळं. रंगमंचावर किंवा पडद्यावर नट, प्रकाश, पार्श्वसंगीत मिळून कुणाची बाजू घ्यायची ते बरंचसं ठरवून टाकतात. कागदावर तसं कुणी नसतं. आणि मोठ्यानं वाचायला बसलात तर न आवडणाऱ्या माणसाचे शब्द तुमच्याच तोंडातून काढावे लागतात.

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ऑफिसात गेल्या सुट्टीत चार-सहा मुलांनी आणि मी मिळून ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं 'अँटिगनी' मराठीतून वाचलं. गोष्ट थोडक्यात अशी. थीब्ज शहरावर चालून आलेला राजपुत्र आणि शहर राखणारा त्याचा सख्खा भाऊ, दोघे एकमेकांच्या हातून मरतात. नवा राजा क्रेऑन हुकूम काढतो: शहर राखणाऱ्याला सन्मानानं मूठमाती, चालून आलेल्याचं प्रेत उघड्यावर, कुत्र्या-गिधाडांना. बहीण अँटिगनी हुकूम मोडून त्याच्यावर माती टाकते. क्रेऑनचं काम ज्या मुलाकडे आलं तो आधी कुरकुरला, 'काका, मला व्हिलन का?' दोन पानं वाचून झाल्यावर म्हणतो, 'काका, हा बरोबरच बोलतोय की. नुकतं युद्ध संपलंय. देशावर चालून आलेल्याला आणि देश वाचवणाऱ्याला सारखं वागवलं तर उद्या कोण लढेल?' अँटिगनी वाचणारी मुलगी उखडली. 'मेलेल्याशी कसलं युद्ध?' त्यावर दोघांची अशी जुंपली की सेक्रेटरी काका डोकावून गेले. त्यांचा कौल अर्थातच क्रेऑनला, नियम म्हणजे नियम.

मग क्रेऑनचा मुलगा हीमॉन येतो. अँटिगनी त्याची वाग्दत्त वधू, पण तो तिच्यासाठी गयावया करत नाही. बापाला तो सांगतो की गावात लोक काय कुजबुजतात ते तुमच्या कानावर येत नाही, कारण तुमच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नाही. पुराच्या पाण्यात वाकणारी झाडं तगतात, ताठ उभी राहतात ती मुळासकट जातात. (आपल्याकडे हेच तुकोबांनी लव्हाळ्याबद्दल सांगितलंय, हे मुलांपैकीच एकानं काढलं. महापूर, झाडे आणि लव्हाळे त्याला चौथीपासून पाठ.) हीमॉनचं ऐकून क्रेऑन वाचणारा मुलगा पहिल्यांदा अडखळला. त्याला पुढची ओळ कळली होती, पण म्हणवत नव्हती. बापाच्या तोंडी तिथे फक्त वय आणि अधिकार उरतो: या वयात मी पोरांकडून शिकायचं का? हे वाक्य त्या खोलीत प्रत्येकानं आपापल्या घरी ऐकलेलं होतं.

शेवटाकडे एक बारीक गोष्ट आहे, ती सारांश वाचणाऱ्याच्या हाती कधीच लागणार नाही. आंधळा द्रष्टा टायरीसियस इशारा देऊन जातो आणि क्रेऑन अखेर नमतो. गावातली वृद्ध मंडळी त्याला सांगतात, आधी गुहेत कोंडलेल्या मुलीला सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन जातो, आणि क्रम उलटा करतो. आधी मयताचे संस्कार यथासांग उरकतो, मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीनं जीव दिलेला असतो; तिच्यामागे हीमॉन, त्याच्यामागे त्याची आई. क्रेऑन सुधारला होता हो, मनापासून सुधारला होता. पण सुधारतानाही तो आधी रीतसर काम उरकणारा राज्यकर्ताच राहिला, जिवंत माणूस त्याच्या यादीत दुसऱ्या नंबरवर आला. आमच्या क्रेऑननं मागची पानं उलटून दोनदा खात्री केली. 'साधा सिक्वेन्स चुकला,' म्हणाला. उद्या हा मुलगा प्रांत होईल, सर्जन होईल, नाहीतर कुठल्या कंपनीत माणसं कमी करायच्या यादीवर सही करेल. ही नोंद त्याच्या डोक्यात असावी असं मला वाटतं. नेल्सन मंडेलांनी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात याच नाटकात क्रेऑनचं काम केलं होतं. ज्यानं आपल्याला कोंडलं त्याच्या जातकुळीचं पात्र, आणि ते स्वतः करायचं.

'हे सगळं पाश्चात्त्यांचं, आपल्या परंपरेत नाटक गोडच संपतं', हा आक्षेप मी फार वेळ घेत नाही. भासाच्या 'ऊरुभंगा'त मांड्या फुटलेला दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो. भवभूतीला सगळ्या रसांच्या मुळाशी करुणच दिसला. आणि मराठीनं परक्या शोकांतिका दीडशे वर्षांपूर्वीच पचवल्या: महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' 1867 चा, आगरकरांचं 'विकारविलसित', म्हणजे 'हॅम्लेट', 1883 चं, देवलांचा 'झुंझारराव', म्हणजे पुन्हा 'ऑथेल्लो'च, 1890 चा. देशाला जागं करायला निघालेल्या आगरकरांना हॅम्लेटसारख्या अडखळणाऱ्या राजपुत्रावर वेळ घालवावासा वाटला, तो काय रिकामटेकडेपणा म्हणून?

परक्यांकडून घेण्यासारखं एक मात्र आपल्याकडे फार कमी आहे, आणि आज त्याची गरज फार आहे. ग्रीक नाटककार एस्किलसचं 'पर्शियन्स' इ.स.पू. 472 चं. त्याच्या आठच वर्षं आधी, 480 मध्ये, सलामीसच्या समुद्रात अथेन्सनं इराणी आरमार बुडवलं होतं. प्रेक्षकांत ती लढाई लढलेली माणसं बसलेली. एस्किलस स्वतः इराण्यांविरुद्ध मॅरेथॉनच्या लढाईत लढला होता आणि त्याचा सख्खा भाऊ तिथेच इराण्यांच्या हातून मेला होता. नाटक मात्र घडतं शत्रूच्या राजधानीत. रणातून दूत येतो, मेलेल्या इराणी सरदारांची नावं एकामागून एक घेतो, आणि राजाची म्हातारी आई ऐकत उभी असते. विजयाचा गर्व त्यात आहे, नाही असं नाही. पण जिंकलेल्या शहरानं हरलेल्या आईचा आकांत तास-दीड तास ऐकून घेतला, आणि स्पर्धेत या नाटकाला पहिलं बक्षीस दिलं. युद्धाच्या बातम्यांवर पोरं जे मीम फिरवतात ते डोळ्यासमोर आणा आणि सांगा, यातलं काही त्यांना वाचायला द्यावं की नाही.

राहिला काळजीचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार 2021 आणि 2022 या दोन्ही वर्षी देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. मुलं आधीच ताणाखाली, त्यात त्यांना मरणाची नाटकं द्यायची? पालकसभेत हा प्रश्न कुणी विचारला तर मी त्याला शहाणाच म्हणेन. प्लेटोचीही तक्रार साधारण अशीच होती, की या नाटकांमुळे माणसाच्या आतल्या रडक्या भागाला खतपाणी मिळतं. उलट ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की दया आणि भीती जागी होऊन त्यांचा निचरा होतो. या दोघांचा वाद मिटलेला नाही आणि माझ्यानं मिटणार नाही. शोकांतिका वाचून आत्महत्या थांबतात असा दावा मी करणार नाही. ते काम समुपदेशकाचं, डॉक्टरचं, आणि वेळेवर जागं होणाऱ्या घराचं. ज्या वर्गात एखादं मूल नुकतंच अशा प्रसंगातून गेलंय तिथे कुठलं नाटक घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे शिक्षकाला कळलंच पाहिजे. अँटिगनी तिथे नको.

पण दुःख लपवल्यानं मुलं सुखी होतात, हेही मला मान्य नाही. इंग्लंडनं हा प्रयोग करून पाहिला आहे. नेहम टेट नावाच्या गृहस्थानं 1681 मध्ये लियरचा शेवट बदलला: कॉर्डेलिया जगते, तिचं लग्न होतं, राजाला राज्य परत मिळतं. पुढे दीडशे वर्षं तिथल्या रंगमंचावर हाच गोड लियर चालला. 1838 मध्ये मॅक्रीडी या नटानं शेक्सपिअरचं मूळ नाटक परत आणलं तेव्हा कुठे तो मागे पडला. आज टेटचं नाव अभ्यासकांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. आमच्या मुलांभोवती सध्या टेटचीच आवृत्ती चालू आहे. प्रत्येक टॉपरच्या मुलाखतीत कष्ट असतात आणि शेवटी रँक असते. ज्यानं तेवढेच कष्ट केले आणि ज्याला रँक नाही त्याची मुलाखत कोण घेतो? तो मुलगा स्वतःला एकटा समजतो, कारण त्याच्यासारख्याची एकही गोष्ट त्याच्या कानावर आलेली नसते. हॅम्लेट, सुधाकर, लियर ही त्याची माणसं आहेत. ती त्याला धीर देणार नाहीत, पण त्याच्या दुःखाला क्षुल्लक म्हणणारही नाहीत.

वेबसिरीजमध्ये काय कमी मृत्यू असतात, असं कुणी म्हणेल. मृत्यू रग्गड असतात, शेवट नसतो. पुढचा सीझन विकायचा असतो. शोकांतिकेत जे झालं ते झालं, ते परत फिरवता येत नाही आणि त्याकडे बघत बसावं लागतं. मोबाइलवर सारांश मागवणाऱ्यांनाही एवढंच सांगणं आहे की क्रेऑनचा उलटा क्रम त्यात सापडतो का ते बघा.

आता करायचं काय, तर फार काही नाही. 'अँटिगनी' वर्गात मोठ्यानं वाचायला दोन तास पुरतात, म्हणजे तीन तासिका. 'एकच प्याला' लांब आहे, त्यातल्या मद्यपी मंडळाच्या विनोदाचे प्रवेश आज थोडे कापले तरी बिघडत नाही, आणि गडकऱ्यांची भाषा डोळ्यांनी वाचताना जड वाटते ती तोंडानं म्हटली की चालायला लागते, कारण ती नटांच्या जिभेसाठीच लिहिलेली आहे. त्यावरचा स्वामित्वहक्क कधीच संपलाय, त्यामुळे वर्गापुरत्या प्रती काढायला कुणाची परवानगी नको. सोफोक्लीसच्या दुसऱ्या एका नाटकाचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला अनुवाद, 'राजा ओयदिपौस', चांगल्या ग्रंथालयात मिळायला हरकत नाही, आणि ठाण्यात तर 1893 पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथलं सभासदत्व क्लासच्या एका दिवसाच्या फीपेक्षा महाग नसेल. महापालिकांनी आपल्या नाट्यगृहांत आठवड्यातल्या रिकाम्या सकाळी कॉलेजांना अभिवाचनासाठी नाममात्र भाड्यात द्याव्यात, नेपथ्य नको, वेशभूषा नको, चार माइक पुरेत. तिन्ही नाट्यगृहांत अशा सकाळी निघू शकतात.

एक अट मात्र हवी. शिक्षकांनी शेवटी 'या नाटकातून काय बोध घ्याल' हा प्रश्न विचारायचा नाही. तो आला की मुलं लगेच पेन काढतात.